युद्ध चुकले, तर शौर्यही चुकते का?

एखादे युद्ध मुळात व्हायलाच नको होते, असे आपले प्रामाणिक मत असेल, तर त्या युद्धात लढलेल्या माणसाला भेटल्यावर आपण त्याला काय म्हणावे? आदराने हात पुढे करावा की मागे घ्यावा? हा प्रश्न पुस्तकी वाटेल. मलाही तो तसाच वाटत असे. परंतु तो एके दिवशी माझ्यापुढे भर उन्हात, एका जुन्या हेलिकॉप्टरच्या दाराशी येऊन उभा राहिला, आणि तेव्हापासून मी त्याचा विचार करीत आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे गाव आहे. तेथील विमानतळावर दरवर्षी जुलैच्या अखेरीस मोठा विमानमेळा भरतो. आपल्याकडच्या जत्रेसारखेच वातावरण असते. खाण्याचे ठेले, टोप्यांची दुकाने, आईचा हात सोडून पळणारी पोरे. फरक इतकाच की पाळण्यांच्या जागी विमाने असतात. हौशी लोकांनी घरी बांधलेली विमाने, दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने आणि व्हिएतनाम युद्धातील हेलिकॉप्टरे. मुलीकडे गेलो असताना जावयांनी मला तेथे नेले. जुन्या हेलिकॉप्टरांपाशी सत्तरी ओलांडलेले काही गृहस्थ घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. डोक्यावर आपल्या तुकडीचे नाव असलेली टोपी. येणारे-जाणारे त्यांच्याशी हात मिळवीत, केलेल्या सेवेबद्दल आभार मानीत, छायाचित्र काढून घेत आणि पुढे सरकत. अमेरिकेत आता ही रीतच झाली आहे. युद्धावरून परतले तेव्हा मात्र यांच्यापैकी अनेकांचे स्वागत थंडपणे झाले होते. काहींना तर गणवेश उतरवूनच घरी जाणे बरे वाटले होते.

तेवढ्यात आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने त्यांच्यापैकी एका आजोबांना विचारले, “तुम्ही माणसे मारलीत का?” मुलाच्या वडिलांनी ओशाळून त्याला मागे ओढले. आजोबांनी मात्र हातानेच थांबवले. ते हेलिकॉप्टरच्या दारातील मशीनगनवर बसत असत. झाडीतून गोळ्या येऊ लागल्या की झाडीवर गोळ्या झाडायच्या, हे त्यांचे काम. झाडीत कोण होते, कोणाला लागले, हे पाहायला ते कधी खाली उतरले नाहीत. हेलिकॉप्टर पुढे निघून जाई. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही, असे त्यांनी त्या मुलाला सरळ सांगितले. मग ते संध्याकाळच्या कामाविषयी बोलू लागले. सकाळी ज्या पोरांना आपण रानात उतरवले, त्यांतल्याच काहींना दुपारी रक्तबंबाळ अवस्थेत उचलून आणावे लागे. दिवस संपला की हेलिकॉप्टरची जमीन पाण्याने धुवावी लागे. त्या धुण्याविषयी ते बराच वेळ बोलले.

आभार मानणाऱ्या शंभर मोठ्या माणसांना जे ऐकायला मिळाले नाही, ते त्या एका मुलाने विचारले म्हणून ऐकायला मिळाले.

व्हिएतनामचे युद्ध हे हेलिकॉप्टरचे युद्ध होते. ज्या हेलिकॉप्टरला सैनिक लाडाने ‘ह्यूई’ म्हणत, तशी सुमारे सात हजार तेथे वापरली गेली आणि त्यांतली तीन हजारांहून अधिक नष्ट झाली. एका ह्यूईत साधारणपणे चौघे असत. दोन वैमानिक, यंत्राची देखभाल करणारा क्रू चीफ आणि एक बंदूकधारी. बहुतेकांची वये वीस-बावीसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे मुलगा कॉलेजातून बाहेर पडतो ते वय. हेलिकॉप्टरवर काम करणारे जवळजवळ पाच हजार जण तेथे मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मारक आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत उभारायला २०१८ साल उजाडावे लागले.

त्यांच्यातलेच काही जण जखमींना आणण्याचे काम करीत. त्यांच्या हेलिकॉप्टरवर लाल क्रॉस असे आणि मशीनगन नसे. मेजर चार्ल्स केली हा अशा तुकडीचा प्रमुख. १ जुलै १९६४ रोजी तो जखमींसाठी खाली उतरला असता शत्रूचा मारा सुरू झाला. निघून जा, असे जमिनीवरच्यांनी त्याला सांगितले. जखमी हाती आल्यावरच निघेन, असे त्याने कळवले आणि त्याच वेळी गोळी लागून तो मरण पावला. त्याच्यामागून आलेल्यांनी त्याचे ते उत्तर हाच आपला नियम मानला. मायकल नोव्होसेल यांची गोष्ट आणखी वेगळी. ते दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक. हवाई दलाच्या राखीव सेनेत ते वरच्या हुद्द्यावर होते. तो हुद्दा सोडून, भूदलात खालची जागा पत्करून ते व्हिएतनामला गेले. दोन खेपांत त्यांनी ५,५८९ जखमींना बाहेर काढले. त्यांचा मुलगाही त्यांच्याच तुकडीत वैमानिक होता. एकदा मुलाचे हेलिकॉप्टर पाडले गेले तेव्हा बापाने त्याला उचलून आणले आणि आठवडाभरातच बापावर तीच वेळ आली तेव्हा मुलाने त्याला आणले.

हे वाचताना आपल्यापैकी कोणाचा ऊर भरून येणार नाही? पण येथेच सावध व्हायला हवे. ह्यूईच्या पात्यांचा आवाज दूरवरून ऐकू येतो. जुने सैनिक तो ऐकून डोळे पुसतात, कारण त्यांच्यासाठी तो सुटकेचा आवाज होता. भातशेतात उभ्या असलेल्या व्हिएतनामी शेतकरणीसाठी तो कशाचा आवाज होता? १६ मार्च १९६८ च्या सकाळी मी लाय या वस्तीजवळ अमेरिकन सैनिकांची एक कंपनी उतरली, ती हेलिकॉप्टरांतूनच. गावात शत्रूचा एकही सशस्त्र सैनिक त्यांना आढळला नाही. तरीही काही तासांत त्यांनी म्हातारी माणसे, बायका आणि तान्ही मुले गोळ्या घालून मारली. अमेरिकन सैन्याने मृतांचा आकडा ३४७ धरला, व्हिएतनामने ५०४.

त्या गावावर एक लहान टेहळणी हेलिकॉप्टर घिरट्या घालीत होते. वैमानिक ह्यू थॉम्पसन, वय चोवीस. सोबत ग्लेन अँड्रिओटा, वीस, आणि लॉरेन्स कोलबर्न, अठरा. आधी आपण पाहिलेल्या जखमी बायका पुढच्या फेरीत मेलेल्या दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. एका खंदकाजवळ काही गावकरी लपले होते आणि अमेरिकन सैनिक त्यांच्या दिशेने जात होते. थॉम्पसनने हेलिकॉप्टर त्या दोहोंच्या मध्ये उतरवले. आपल्या सैनिकांनी या लोकांवर गोळ्या झाडल्या, तर तुम्ही आपल्या सैनिकांवर झाडा, असा हुकूम त्याने आपल्या दोन साथीदारांना दिला आणि स्वतः खाली उतरून त्या लोकांना बाहेर आणले. त्याच्या हेलिकॉप्टरमध्ये जागा नव्हती. त्याने ओळखीच्या वैमानिकांना खाली बोलावले आणि दहाएक जणांना त्यांच्या हेलिकॉप्टरांतून सुरक्षित जागी पाठवले. परत जाताना प्रेतांनी भरलेल्या एका चरात काहीतरी हलताना दिसले. अँड्रिओटा प्रेतांमधून चालत गेला आणि एका जिवंत मुलाला घेऊन आला. त्याला त्यांनी रुग्णालयात पोहोचवले. तीन आठवड्यांनी अँड्रिओटा एका वेगळ्याच मोहिमेत मारला गेला.

थॉम्पसनने तळावर परतून संतापाने तक्रार केली. पुढे प्रकरण उघडकीस आले तेव्हा तो साक्षीला उभा राहिला. त्याचे फळ काय? धमक्यांचे फोन, दारात टाकलेली मेलेली जनावरे, अधिकाऱ्यांच्या क्लबात त्याला पाहून उठून जाणारे सहकारी. लेफ्टनंट कॅलीला १९७१ मध्ये बावीस खुनांबद्दल जन्मठेप झाली, पण सुमारे साडेतीन वर्षांनी तो मोकळा झाला, आणि तेवढाही काळ बहुतांशी घरातच कैदेत होता. थॉम्पसन, कोलबर्न आणि मरणोत्तर अँड्रिओटा यांना पदक मिळाले, ते ६ मार्च १९९८ रोजी. तीस वर्षांनी!

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे : युद्ध वाईट, म्हणून त्यातला सगळा पराक्रम वाईट. दुसरे असे : सैनिक शूर होता, म्हणून युद्धाविषयी बोलू नका. मला ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. पहिल्यामुळे खुर्चीत बसलेल्या त्या वृद्ध माणसाकडे पाहायला नको आणि दुसऱ्यामुळे मी लायच्या चराकडे पाहायला नको. दोन्हीकडे कोणीतरी माणूस नजरेआड होतो.

संत अँब्रोज यांचा आधार घेऊन संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की, न्यायाची जोड नसलेले धैर्य अन्यायाचेच निमित्त ठरते. धैर्य हा सद्गुण खरा, परंतु तो एकटा पुरत नाही. दरोडेखोरही धीट असतोच. मग केली आणि नोव्होसेल यांच्या धैर्याला न्यायाची जोड कोठून मिळाली? युद्धाकडून नव्हे. जखमी माणसाला उचलून आणणे हे कृत्यच मुळात न्याय्य आहे. ते युद्ध कोणी, कशासाठी पुकारले, यावर ते अवलंबून नाही. म्हणून धैर्य मोजायचे ते युद्धाच्या मापाने नव्हे, तर त्या धैर्याने त्या घटकेला कोणते काम केले, त्या मापाने. नोव्होसेल यांना सर्वोच्च पदक मिळवून देणाऱ्या १९६९ च्या मोहिमेचे मोल त्या युद्धाचा शेवट कसा झाला यावरून कमीजास्त होत नाही. त्या दिवशी एकोणतीस माणसे मरायची वाचली, एवढे त्याला पुरेसे आहे.

थॉम्पसनची गोष्ट तर याही पुढे जाते. मी लायच्या सव्वादोन वर्षे आधी, डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. देशासाठी सैन्यात सेवा करणारा माणूस आपले काम नीट करीत असेल, तर तो शांतीलाच हातभार लावतो, असे त्यात आहे. आणि त्याच ठिकाणी, अगदी त्याच क्रमांकाखाली, असेही आहे की मानवतेच्या मूळ नियमांविरुद्धचा हुकूम हा गुन्हा आहे, डोळे मिटून आज्ञा पाळली ही सबब तेथे चालत नाही, आणि अशा हुकुमाला उघडपणे विरोध करणाऱ्याचे धैर्य सर्वाधिक प्रशंसनीय आहे. थॉम्पसनने सैन्य सोडले नाही, त्यानंतरही तो उडतच राहिला, जखमी झाला. तो आज्ञाधारक सैनिकच होता. फक्त एका सकाळी त्याने पाहिले की आज्ञा एकीकडे आहे आणि मुले दुसरीकडे आहेत.

हे सारे मान्य केले तरी ते दारातील मशीनगनवर बसणारे आजोबा उरतातच. त्यांच्यापुढे नोव्होसेलसारखी स्वच्छ कामगिरी नव्हती की थॉम्पसनसारखा स्वच्छ क्षण नव्हता. त्यांच्या एकाच दिवसात झाडीवर झाडलेल्या गोळ्याही होत्या आणि उचलून आणलेली जखमी पोरेही होती. त्यांना कोणत्या मापाने मोजावे? माझे मत असे की, हे मोजमाप आपल्याकडे दिलेलेच नाही. कम्युनियनपूर्वी आपण जे शब्द रोज म्हणतो, ते एका शताधिपतीचे आहेत. परक्या भूमीवर ताबा ठेवणाऱ्या सैन्याचा तो अधिकारी. प्रभूने त्याच्या श्रद्धेची वाखाणणी केली. त्याच्या तलवारीचा हिशेब शुभवर्तमानात नाही. तो हिशेब नव्हताच, असा याचा अर्थ नव्हे.

आपल्या वाट्याला येते ते ऐकण्याचे काम. आणि ते वाटते तितके हलके नाही. आभार मानून पुढे सरकणे सोपे, कारण आभारानंतर समोरच्याला बोलायला जागा राहत नाही. आपल्याकडेही निवृत्त जवानाचा सत्कार होतो तेव्हा शाल-श्रीफळ देऊन आपण त्याला खाली बसवतो आणि भाषण मात्र पाहुणे करतात! तुम्ही तेथे काय पाहिले, असे कोणी विचारत नाही.

१९९८ मध्ये थॉम्पसन आणि कोलबर्न मी लायला परत गेले. त्या दिवशी त्यांनी वाचवलेल्या बायकांपैकी काही तेथे त्यांना भेटल्या. त्यांतल्या एकीने थॉम्पसनला विचारले की, ज्यांनी आमची माणसे मारली ते तुमच्याबरोबर का आले नाहीत? प्रश्न ऐकून तो खचला. पण तिचे बोलणे संपले नव्हते. ते आले असते, तर आम्हाला त्यांना क्षमा करता आली असती, असे तिला म्हणायचे होते. थॉम्पसन ही गोष्ट पुढे अनेकांना सांगत असे, आणि ती सांगून झाल्यावर, आपल्याला स्वतःला मात्र त्यांना क्षमा करणे जमलेले नाही, हेही तो लपवीत नसे.