खेळात केलेले धरायचे का?

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात एका भगिनीने मला थांबवले. "सर, एक विचारू? आमचा मुलगा रात्री कम्प्युटरवर घोड्यावर बसून माणसांना गोळ्या घालतो. खेळच आहे म्हणतो. पण हे पाप धरायचं की नाही?" फादरांना विचारायला तिला संकोच वाटत होता. मी तिच्या मुलाला सातवीत गणित शिकवले होते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

उत्तर माझ्याकडे तयार होते. निवृत्त शिक्षकाकडे ते नेहमीच तयार असते. परंतु मी तो खेळ पाहिलेला नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर निकाल देऊ नये हे मी मुलांना चाळीस वर्षे सांगत आलो होतो. "आधी पाहतो, मग सांगतो," म्हणालो. पाहतो म्हणता म्हणता, वयाची पासष्टी उलटल्यावर, मी तो खेळायला बसलो. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात जातो. गुरू तो आणि शिष्य मी, अशी उलटी शाळा रोज संध्याकाळी तासभर भरू लागली.

खेळाचे नाव 'रेड डेड ऑनलाइन'. रॉकस्टार या कंपनीने २०१८ च्या ऑक्टोबरात 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा खेळ काढला आणि अनेकांनी एकत्र खेळायचा हा भाग नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू केला. कम्प्युटरवर तो २०१९ मध्ये आला. पालकांसाठी जाता जाता सांगतो, युरोपात या खेळाच्या वेष्टनावर १८ वर्षे आणि अमेरिकेत १७ वर्षे अशी वयाची अट छापलेली असते. ती शोभेसाठी नाही. सातवी-आठवीतल्या मुलांनी हा खेळू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुढचा विचार मोठ्यांसाठी आहे.

खेळातला काळ १८९८ चा. प्रदेश अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीसारखा, पण पाचही राज्ये कल्पित आहेत. सुरुवात तुरुंगात होते. न केलेल्या खुनाबद्दल आपल्याला शिक्षा झालेली असते. लक्लर्क नावाची एक विधवा आपल्याला सोडवून घेते, कारण तिच्या नवऱ्याला मारणाऱ्यांचा हिशेब तिला चुकता करायचा असतो. आपले पात्र संपूर्ण कथेत एक शब्दही बोलत नाही. हाताशी एक घोडा, एक साधे रिव्हॉल्वर, रानात एक तंबू आणि तंबू सांभाळणारा क्रिप्स नावाचा बडबड्या म्हातारा. एवढ्या संसारावर माणूस मोकळ्या माळावर सोडला जातो. त्याच माळावर त्याच वेळी जगभरातून बसलेले बत्तीसपर्यंत खेळाडू फिरत असतात.

पहिल्याच संध्याकाळी मी फजीत झालो. व्हॅलेंटाईन नावाच्या गावात शिरलो. समोरून येणाऱ्या माणसाला रामराम करावा म्हणून मुलाने सांगितलेले बटण दाबले, तर माझ्या हाताने त्याच्या छातीवर पिस्तूल रोखले! तो ओरडत पळाला, बायका किंचाळल्या आणि पोलीस माझ्या मागे लागले. मुलगा हसून लोळायचा बाकी राहिला. मग त्याने समजावले. माउसचे उजवे बटण एकच. हात रिकामा असेल तर त्याच बटणाने समोरच्याकडे लक्ष जाते आणि त्याला अभिवादन करता येते. हातात शस्त्र असेल तर त्याच बटणाने नेम धरला जातो. म्हणून गावात शिरण्याआधी शस्त्र आत ठेवायचे, हा नवख्याचा पहिला धडा. कोणी मुद्दाम असे रचले असेल असे मला वाटत नाही, बटणे कमी पडली असतील. पण मी घरी जाताना त्याच गोष्टीचा विचार करत होतो.

दुसरी गोष्ट, या खेळात माणसाच्या चांगुलपणाचे मोजमाप होते. निरपराध्याला मारले की ते घटते. पकडायच्या गुन्हेगाराला जिवंत आणून दिले की वाढते. घोड्याला चारा घातला, खरारा केला, तरी थोडे वाढते. मला हे फार आवडले. मुलाच्या आईला सांगायला एक चांगला मुद्दा मिळाला असे वाटले. तर मुलगा म्हणाला, "सर, वाईट कामांत नाव घसरलं की आम्ही घोड्याला खरारा करत बसतो. पुन्हा वर येतं." म्हणजे खून करायचे आणि घोडा चमकवायचा. हसू आले, मग जरा अस्वस्थ वाटले. देणग्यांच्या पाट्या मीही वाचल्या आहेत, आणि दोन पाट्यांवर माझेही नाव आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संगणकाने उभ्या केलेल्या माणसाला गोळी घातली तर कोणाचे काय बिघडते? तो जन्मला नव्हता, मेलाही नाही. नाटकात खलनायकाचे काम करणारा नट घरी जाऊन बायकोला मारत नाही. याबाबतीत मी त्या भगिनीला धीरच देईन. रोज तेच पाहून मनाला काय सवय लागते हा प्रश्न उरतो, पण त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या मुलाकडे पाहून शोधायचे आहे. रागाने उठतो की हसत उठतो, हाक मारल्यावर ओ देतो की नाही, हे आईला कोणत्याही तज्ज्ञापेक्षा जास्त कळते.

पण त्या माळावर दुसऱ्या जातीची माणसेही आहेत. ती खरी आहेत. कोणी मेक्सिकोत, कोणी पोलंडमध्ये, कोणी आपल्या मागच्या गल्लीत बसलेले. इथे गोष्ट बदलते.

माझ्यावर प्रसंग आला तो असा. १५ सोन्याच्या लगडी साठवल्या की व्यापाऱ्याचा धंदा सुरू करता येतो. लगडी जमवायला मला महिना लागला. मग शिकार करून क्रिप्सला द्यायची, तो माल तयार करतो. नवख्याची गाडी लहान, पंचवीस नगांची. मोठी गाडी शंभर नगांची असते, पण ती पुढे मिळते. दोन-तीन संध्याकाळी खपून माझी पहिली गाडी भरली. माल जवळ न्यायचा की लांबच्या बाजाराला, असे विचारले गेले. लांब नेल्यास भाव सव्वापट. मी लांबचा पर्याय घेतला. लांब निघालेल्या गाडीची खबर इतर खेळाडूंना जाते आणि ती लुटायची त्यांना मुभा असते, हे तिथे लिहिलेले होते. चष्मा कपाळावर होता, मी वाचले नाही. अर्ध्या वाटेवर दोघे आले. मला मारले, गाडी नेली, आणि मी पुन्हा उभा राहिलो तेव्हा पुन्हा मारले. तीनदा.

गोळी खोटी होती. गाडी खोटी होती. तिच्यावर घालवलेल्या तीन संध्याकाळी मात्र खऱ्या होत्या, आणि त्या परत येणार नाहीत.

मुलगा म्हणाला, "सर, नियमात आहे. तुम्ही 'होय' म्हटलंत." त्याचे म्हणणे खोडणे सोपे नाही. कबड्डीत पाय धरून पाडले तर कोणी तक्रार करत नाही. मुष्टियुद्धात नाक फुटले तरी पोलिसात जात नाहीत. रस्त्यावर जो गुन्हा, तो मैदानात डाव, कारण दोघांनी आधी संमती दिलेली असते. मी बराच वेळ गप्प राहिलो. मग सुचले ते असे. संमती खरी केव्हा? कशाला होय म्हणतो आहोत हे कळते तेव्हा. न वाचता अंगठा उमटवणाऱ्याची जमीन सावकाराने घेतली, तर कागद कायदेशीर असतो. आपल्या आजोबांच्या पिढीने असे कागद पाहिले आहेत. सावकाराला आपण निर्दोष म्हणत नाही, कारण समोरच्याला वाचता येत नाही हे त्याला माहीत होते.

"पण समोरचा नवखा आहे हे मला कसं कळणार?" मुलाने विचारले.

"लहान गाडी कोण हाकतं?" मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला की गेल्या वर्षी त्याने अशा बऱ्याच लहान गाड्या मारल्या होत्या. त्या सोप्या असतात. समोरचा कोण हे दिसत नाही, आपण कोण हे त्यालाही दिसत नाही.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथात ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राणीला वश करून, राजाला मारून राज्य बळकावतो. ग्लॉकनचा प्रश्न असा की अशी अंगठी मिळाल्यावर नीट वागेल असा माणूस आहे का? आज ती अंगठी प्रत्येक घरात आहे. मात्र ती सगळ्यांनीच घातलेली आहे, आणि सगळेच एकमेकांच्या तडाख्यात सापडतात, हे ग्लॉकनच्या ध्यानात आले नव्हते.

खेळ करणाऱ्यांना हे पुढे उमगले असावे. आरंभी सगळे खेळाडू नकाशावर दुरूनही दिसत आणि टोळ्या सरळ चालून येत. २०१९ च्या फेब्रुवारीत ते बदलले आणि खुणा जवळ आल्यावरच दिसू लागल्या. हल्ले करत सुटणाऱ्याची खूण गडद लाल होत जाते. ज्याला भांडायचे नाही त्याला बचावाचा पवित्रा घेता येतो. एकच माणूस वारंवार मारू लागला तर तहाचे बटणही आहे. तह दहा मिनिटांचा असतो. त्या बटणाने मी दोनदा सुटलो. पण दहा मिनिटांनंतर आम्ही दोघे होतो तिथेच होतो.

खऱ्या सरहद्दीवर असे बटण नव्हते. सिस्टर ब्लँडिना सेगाले यांची हकीकत आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. जन्म इटलीचा, १८५० चा, लहानपणीच ओहायोत आलेल्या. १८७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांना ट्रिनिदादला जायचा आदेश आला. त्यांना वाटले वेस्ट इंडीजमधले बेट! ते निघाले कोलोरॅडोतले गाव. त्या एकट्याच तिथे गेल्या. त्यांच्या शाळेतल्या एका मुलाच्या बापाने एका माणसाला गोळी घातली होती. जखमी माणूस शेवटच्या घटका मोजत होता. तो गेला की तुरुंग फोडून बापाला फाशी द्यायचे, म्हणून जमाव दबा धरून बसला होता. सिस्टर आधी जखमीकडे गेल्या. समोर येऊन क्षमा मागितली तर क्षमा कराल का, असे विचारले. तो तयार झाला. मग शेरीफला सोबत घेऊन त्यांनी त्या कैद्याला तुरुंगातून बाहेर काढले आणि जमावाच्या डोळ्यांसमोरून चालवत नेले. कैद्याने क्षमा मागितली, मरणाऱ्याने ती दिली, आणि कायद्याने आपले काम करावे असे सांगितले. जमाव पांगला. कैदी पुढे न्यायालयात उभा राहिला आणि त्याला शिक्षा झाली. क्षमा झाली म्हणून गुन्हा पुसला गेला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. नऊ दशके जगून सिस्टर १९४१ मध्ये निवर्तल्या. त्यांना संतपद मिळावे म्हणून २०१४ मध्ये प्रक्रिया सुरू झाली.

मी ही गोष्ट मुलाला सांगितली. तो म्हणाला, "खेळात असं करताच येत नाही. गर्दी आली की गोळ्याच चालवाव्या लागतात." खरे आहे. लक्लर्कबाईंच्या कथेत सूड किंवा न्याय एवढेच निवडता येते, आणि दोन्ही वाटांवर प्रेते पडतात. पण खेळणारे कधी कधी खेळापुढे जातात. १३ जुलै २०२२ ला, शेवटच्या मोठ्या भरतीला वर्ष झाले आणि कंपनीने मोठी नवी भर घालणे थांबवले म्हणून, खेळाडूंनी या खेळाचीच अंत्ययात्रा काढली होती. काळे कपडे घालून पात्रे एकत्र जमली. एरवी जी माणसे भेटताच पिस्तूल काढत, ती रांगेने शांत उभी राहिली. असे करा म्हणून कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते.

माझी दुसरी गाडी निघाली तेव्हा पुन्हा लांबचाच बाजार घेतला, या वेळी वाचून. वाटेत एक स्वार मागून आला. मी मनाशी गाडी गेली असे धरले. त्याने शस्त्र काढले नाही. गाडीच्या बाजूने, थोडे अंतर ठेवून, तो शेवटपर्यंत चालत राहिला. ओढ्यापाशी थांबलो तर थांबला. माल उतरल्यावर त्याने टोपीला हात लावला आणि वळून निघून गेला. माझ्या पात्राला बोलता येत नाही. बटण शोधून मीही टोपीला हात लावेपर्यंत तो टेकडीपलीकडे गेला होता.

त्या भगिनीला मी अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. गेल्या शनिवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलगा स्वतः खेळत होता, मी मागे स्टुलावर. नकाशावर एक गाडी दिसली. आम्ही टेकडीवरून पाहिले, गाडी लहान होती आणि हाकणारा वळणावर सारखा रस्ता सोडत होता. मुलाच्या हातात बंदूक होती. त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी चहाचा कप उचलला आणि मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागलो. बंदूक आत ठेवल्याचा आवाज आला, मग घोड्याच्या टापा. स्वयंपाकघरातून त्याच्या आईने विचारले, "सर, जेवून जाणार ना?"