सही कुणाची, हित कुणाचं?

परभणी, 17 सप्टेंबर

चि. बाळ,


ज्याच्या हाती ताकद तो करार मोडतोच, मग देशादेशांतल्या विश्वासाला किंमत ती काय, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

आज मुक्तिसंग्राम दिन. हैदराबादच्या निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार आणि निजामाविरुद्धचा स्वामी रामानंद तीर्थांचा लढा तू शाळेत ऐकलास. पण हैदराबादचं सरकार बाहेरच्यांशी कसं वागलं, हे भाषणांत फारसं येत नाही.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाने भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे करार’ केला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण यांची आधीची घडी तशीच ठेवायची, असं ठरलं. लगेच डिसेंबरात मीर लायक अली हैदराबादचे पंतप्रधान झाले. ते बडे उद्योगपती, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत त्यांनी पाकिस्तानचं काम केलेलं. त्यांचे जवळचे नातलग मोईन नवाज जंग करार करणाऱ्या शिष्टमंडळात होते. पुढे परराष्ट्र खातंही त्यांच्याकडेच होतं.

कराराची शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने 20 कोटी रुपयांचं कर्ज पाकिस्तानला दिलं, तेही भारत सरकारच्याच रोख्यांतून. राज्यात भारतीय चलनावर निर्बंध आले. भारत आपली आर्थिक कोंडी करतो, ही हैदराबादची तक्रारही होती. पण ज्यांची मनं एकीकडे आणि सही दुसरीकडे, त्यांच्या तक्रारीला वजन कसं राहणार? जून 1948 मध्ये भारताचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांच्या मध्यस्थीने तयार झालेला समझोत्याचा मसुदाही निजामाने नाकारला.

ऑगस्टात हैदराबादने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. शिष्टमंडळाचे प्रमुख पुन्हा मोईन नवाज जंगच. 16 सप्टेंबरला सुरक्षा परिषदेत विषय निघाला, तोवर भारताची फौज राज्यात शिरली होती, हीच ‘पोलीस कारवाई’. 17 ला निजामाने शरणागती पत्करली, आणि काही दिवसांत खुद्द निजामानेच तक्रार मागे घेतली.

त्याच सप्टेंबरात निजामाचे सुमारे 10 लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळते झाले. आपली संमती नव्हती, असं निजामाने कळवलं. पैसा कुणाचा, यावर लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला तो 2 ऑक्टोबर 2019 रोजी, भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने. तोवर ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. एका अविश्वासाच्या व्यवहाराने 71 वर्षं खाल्ली.

आणि किंमत मोजली ती सामान्यांनी. रझाकारांच्या भीतीने आपल्याकडची कुटुंबं घरदार सोडून वऱ्हाडात गेली. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवून ठेवलं आहे. वाटाघाटीच्या टेबलाशी यांतलं कुणीच नव्हतं.

म्हणून बाळ, सरकार कोणतंही असो, आपलं असो वा परक्याचं, कराराची बातमी वाचताना तीन गोष्टी विचार. सही करणाऱ्याचा पैसा कुठे गुंतला आहे? त्याचे लागेबांधे कुणाशी आहेत? आणि सहीनंतरच्या महिन्यात त्याने काय केलं? ताकदीने करार मोडता येतो, हे तुझं खरं. पण मोडणाऱ्याच्या हाकेला पुढे कुणी धावत नाही. हे प्रश्न आपल्या सरकारला आधी विचार, आणि न भिता विचार.

तुझे आजोबा