टिपणे आणि अपरिग्रह

मराठीत पाखरू दाणा टिपते, शिकारी सावज टिपतो आणि छायाचित्रकार दृश्य टिपतो. त्यामुळे ज्यात फूल खुडले जात नाही की जीव मारला जात नाही, त्या रानातल्या छायाचित्रणातही परिग्रह, म्हणजे गरजेपलीकडचे आपल्याकडे ओढून घेणे, घडतो काय, हा प्रश्न भाषेनेच उभा केला आहे. योगसूत्रांत पतंजलींनी अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम, म्हणजे आचरणातले संयम, सांगितले. आणि त्या सूत्रांवरील व्यासभाष्यानुसार विषय मिळवणे, राखणे, त्यांचा नाश होणे, त्यांत गुंतणे आणि त्यांपायी हिंसा घडणे यांतला दोष ओळखून ते न स्वीकारणे म्हणजे अपरिग्रह.

नंदुरबार जिल्ह्यातल्या रानपिंगळ्याचा इतिहास या यमांच्या भंगाची साक्ष देतो. दिवसा वावरणारे हे लहान घुबड जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८४ पर्यंत खानदेशात मारून जमवले, आणि त्यानंतर ११३ वर्षे त्याची एकही खरी नोंद झाली नाही. मधल्या काळात पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून चोरून, १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली. या असत्याने शोध घेणाऱ्यांची वाटही चुकवली. खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढत पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ या पक्ष्यापर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांनी पुरावा म्हणून नेली ती केवळ त्याची चित्रे.

तरीही बंदुकीच्या जागी कॅमेरा आल्याने प्रश्न मिटत नाही. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, पिंगळा उघड्या फांदीवर सहज दिसतो, आणि त्याची वीणही उन्हाळ्यापर्यंत चालते; अशा वेळी जवळचे चित्र मिळावे म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवला, तर प्रतिस्पर्धी आल्याच्या समजुतीने तो भक्ष्य आणि ढोली सोडून धावतो. येथे शरीराला धक्का लागत नाही, पण त्याचा वेळ आणि स्वास्थ्य हिरावले जाते, म्हणून ते स्तेयच ठरते.

पिंगळ्याच्या याच मुलखात घेण्याची दुसरी रीतही आहे. मोहाच्या फुलाची फिकट, मांसल पाकळी पहाटे आपोआप गळते आणि फळ धरणारा बीजकोश फांदीवरच राहतो. भिल्ल आणि पावरा कुटुंबे ती गळलेली फुले जमिनीवरून वेचतात, आणि झाडाचे पुढचे फळ अबाधित राहते. पाहणाऱ्याने घ्यावयाचा धडा हाच आहे, की दुसऱ्याच्या जीवनक्रमात खंड न पाडता जे हाती येते तेवढेच निर्दोष. चित्र टिपून झाल्यावरही पिंगळा त्याच फांदीवर निश्चिंत बसून राहिला, तरच त्या टिपण्याला पाहणे म्हणावे.