परागकण आणि शरीराचा अभ्यास

परागकण विषारी नसतात. तरीही काही माणसांचे शरीर त्यांना शत्रू मानून ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट पदार्थ ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, तयार करते. ही प्रतिपिंडे नाकाडोळ्यांतील मास्ट पेशींवर बसून राहतात आणि पराग भिडताच त्या पेशी हिस्टामिन सोडतात, त्यामुळे शिंका व खाज सुरू होते. अद्वैत वेदान्तातील दोरीवर भासणाऱ्या सापाशी ही अवस्था जुळते, कारण येथेही भय निराधार असून त्याचे परिणाम मात्र खरे असतात.

उपचाराकडे वळताच हे साम्य तुटते. दोरीचे यथार्थ ज्ञान झाले की साप त्याच क्षणी मावळतो. उलट पराग निरुपद्रवी आहे हे रुग्णाला पक्के ठाऊक असले, तरी त्याची एकही शिंक थांबत नाही. येथे ज्ञानाने नव्हे, तर शरीराला हळूहळू सवय लावूनच फरक पडतो. त्याची सुरुवात करणारे इंग्रज डॉक्टर लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनमध्ये गवताच्या परागांचा अर्क रुग्णांना टोचला, तेव्हा परागांत विष असून शरीर त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावेल, अशी त्यांची धारणा होती. धारणा टिकली नाही, उपचार टिकला. अत्यल्प मात्रेपासून चढत जाणाऱ्या आणि साधारणपणे निदान तीन वर्षे चालणाऱ्या या इम्युनोथेरपीत आयजीई आरंभी वाढते व पुढे सावकाश उतरते; ॲलर्जीला चिथावणाऱ्या टीएच-२ पेशींचा जोर ओसरतो, इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशी ‘इंटरल्यूकिन-१०’ हा संदेशवाहक रेणू स्रवतात, आणि बी पेशी ‘आयजीजी-४’ ही प्रतिपिंडे बनवतात, जी परागाला आयजीईपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतात.

म्हणजे सुधारलेले शरीर परागाला विसरलेले नसते. ते त्याला ओळखतेच, फक्त त्या ओळखीतून उठणारी कृती बदलते. म्हणूनच ‘स्व’ म्हणजे परक्याला बाहेर ठेवणारी तटबंदी ही कल्पना अपुरी पडते, कारण परक्याला सामावून घेण्यासाठीही शरीराला सतत काम करावे लागते. हा पालट वेदान्तातील ज्ञानापेक्षा पतंजलींच्या योगसूत्रांतील ‘अभ्यासा’ला, म्हणजे सातत्याच्या सरावाला, जवळचा आहे, कारण तो अभ्यासही दीर्घकाळ आणि खंड न पाडता करावा लागतो. भेद एवढाच, आणि तो लहान नव्हे, की योगाचा अभ्यास संकल्पाने चालतो, तर पेशींना संकल्प नसतो. उपचार पत्करणारा माणूस एक आणि प्रत्यक्ष पालटणाऱ्या पेशी दुसऱ्या, तेव्हा या पालटाचा कर्ता नेमका कोण, हे देह आणि साक्षी (केवळ पाहणारे चैतन्य) यांना वेगळे मानणाऱ्या दर्शनालाही सहज सांगता येणार नाही.