अर्धा कोयता

गेल्या वर्षी दिवाळी उरकून मी एसटीने बीडहून टेंभुर्णीला निघाले होते. जामखेड मागे पडलं तसे रस्त्यावर ट्रॅक्टर दिसू लागले, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. पत्र्याच्या पेट्या, पाण्याची पिंपं, सरपण, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर माणसं. या रस्त्याने मी कित्येक वर्षं जाते-येते. इतकी वर्षं या ट्रॉल्या म्हणजे आपल्या गाडीला होणारा उशीर, एवढंच माझ्या मनात यायचं. याची मला आज लाज वाटते.

करमाळ्याच्या पुढे गाडी चहाला थांबली. तिथेच एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता. सावलीत पंचविशीतली एक बाई पोराला पाजत बसली होती. मी शेजारी टेकले.

"किती जण आहात गं?"

"बारा कोयते हैत, ताई."

बारा कोयते म्हणजे बारा जोडपी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एका कोयत्यात नवरा-बायको दोघं धरतात. एकटा आला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला आणि हाती पडते नवऱ्याच्या. हिशेबाच्या वहीत नाव त्याचंच. तिला मी विचारलं, तुझी वेगळी मजुरी नाही का? ती म्हणाली, "अर्ध्या कोयत्याला कोण उचल देतंय?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विहिरीला पाणी नाही म्हणावं तसं ती ते सांगत होती.

'अर्धा' या एका शब्दाने मला पुढचे कित्येक महिने सोडलं नाही. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायची, मग फडात जायचं. नवरा तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, आणि संध्याकाळी मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून गाडीवर चढते. रात्री कोपीत आल्यावर चूल पुन्हा तिचीच. श्रमाच्या हिशेबात ही बाई अर्धी कशी ठरते? पण वहीत तर ती अर्धीसुद्धा नाही.

उसाचं मात्र तसं नाही. तो वजनकाट्यावर किलोकिलोने मोजला जातो. केंद्राने २०२४-२५ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये दर ठरवला होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हे पैसे शेतकऱ्याला चौदा दिवसांत द्यावे लागतात. शेतकऱ्याने हे लढून मिळवलं आणि ते योग्यच आहे. तोडणाऱ्याची मजुरी जानेवारी २०२४ मध्ये वाढली, टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाली. एका कोयत्याकडून दिवसाला दोन टन तोडून होतात असं धरलं, तर दोघांच्या वाट्याला सव्वासातशेच्या आसपास येतात. तेही आधी घेतलेल्या उचलीत वळते होतात. कामाला एक दिवस चुकलं की खाडा. खाड्याचा दंड पुन्हा त्याच उचलीवर चढतो. हंगाम संपून पट्टा पडला तरी उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उचल देणारा तोच मुकादम.

खाडा हा शब्द कळल्याशिवाय बीडच्या बायकांच्या गर्भाशयाची गोष्ट कळत नाही. पाळीच्या दुखण्याने घरी बसलं तर दंड, फडात ना आडोसा ना पाणी, अंगावरून जायला लागलं की गाठायचा तो खासगी दवाखाना, आणि तिथे दाखवलेली कॅन्सरची भीती. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा जणींमागे एक. त्या वेळी वर्तमानपत्रांतून बरंच लिहून आलं, डॉक्टरांकडे बोटं गेली. ती जायलाच हवी होती. पण जी व्यवस्था बाईच्या पाळीला खाडा समजते, तिच्यावर त्या मानाने फार थोडं बोललं गेलं.

कायदा काय म्हणतो? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. कंत्राटदाराने नेलेल्या मजुराला विस्थापन भत्ता, प्रवासभत्ता, निवारा, औषधपाणी मिळावं असं त्यात लिहिलं होतं. पण त्याला एक अट होती, मजुराने राज्याची हद्द ओलांडायला हवी. २०२० च्या श्रमसंहितेतल्या व्याख्येतही ही अट कायम राहिली, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. म्हणजे धारूरची टोळी हद्दीपलीकडे निपाणीच्या शिवारात उतरली तर कागदावर स्थलांतरित, आणि हद्दीच्या अलीकडे कागलला थांबली तर नाही. बाईच्या डोक्यावरची मोळी दोन्हीकडे सारखीच जड. आपल्याच राज्यात शेकडो किलोमीटर जाऊन, परक्या शेताच्या कडेला पाच-सहा महिने पालात राहणाऱ्या माणसाला आपल्या कायद्याने स्थलांतरित मानलेलं नाही, आणि सहकाराचा अभिमान सांगणाऱ्या या राज्याने ते चालवून घेतलं आहे. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकरी मालक झाला. ही मोठी गोष्ट होती, ती मी कमी लेखत नाही. पण त्या मालकीच्या वहीत तोडणाऱ्याला जागा झालीच नाही. तो आजही 'तोडणी-वाहतूक' या खर्चाच्या रकान्यात आहे.

त्या बाईला आणखी एक मुलगी होती, दहा वर्षांची. गावच्या हंगामी वसतिगृहात का ठेवली नाही, असं मी विचारलं. "औंदा ठिवली असती," ती म्हणाली, "पण मग ह्याला कोण सांभाळतंय?" पोरगी ट्रॉलीतून आमच्याकडे बघत होती. अजून चार-पाच वर्षांनी तिचं लग्न लावतील, कारण वयात आलेली लेक मागे ठेवून जायची भीती वाटते आणि फडावर न्यायचीही. लग्न झालं की ती एका नव्या कोयत्यातली होईल.

पंक्चर निघालं. बाई पोर काखेला मारून ट्रॉलीत चढली. मुकादम खाली उभा राहून बोटाने मोजत होता. "बारा. चला," तो म्हणाला. एसटी सुटेपर्यंत मीही मोजलं. पोरांसकट एकतीस माणसं होती, आणि तिच्या काखेतलं तान्हं धरून बत्तीस.