द्राक्षकुंडातला पुढारी

शास्त्रपाठ : शास्ते 6:11–16, 7:1–22

मंडळीच्या वार्षिक सभेत संडे स्कूलसाठी शिक्षकांची नावे सुचविण्याची वेळ आली, की सर्वांच्या नजरा एकदम जमिनीकडे वळतात. "मला नाही जमायचे," "अमक्यांना विचारा, त्यांना बोलता येते," अशी उत्तरे येतात आणि जे वर्षानुवर्षे ते काम करीत आले, त्यांच्याच गळ्यात पुन्हा ती माळ पडते. उलट काही जण असे असतात, की त्यांना कोणत्याच कामाची भीती वाटत नाही. सभेत त्यांचाच शब्द शेवटचा असतो. एकाला स्वतःवर मुळीच भरवसा नाही आणि दुसऱ्याला स्वतःवाचून कोणावरच नाही. या दोघांच्यामध्ये मंडळीचे काम अडून राहते.

मग पुढाऱ्याला आत्मविश्वास असावा की नसावा? प्रियजनहो, या प्रश्नाचे उत्तर आपण गिदोनाच्या चरित्रात शोधू या.

गहू झोडायचा तो उघड्या खळ्यावर, जिथे वारा मिळतो. पण गिदोन द्राक्षकुंडाच्या खळग्यात लपून गहू झोडीत होता. मिद्यानी लोक 7 वर्षे इस्राएलाचे पीक लुटून नेत होते. अशा भेदरलेल्या माणसाला परमेश्वराचा दूत पराक्रमी वीर म्हणून हाक मारतो! गिदोनाला ती थट्टाच वाटली असेल. आपले कुळ मनश्शेत सर्वांत दुबळे आणि घरात आपण सर्वांत लहान, असे तो सांगू लागला. परमेश्वराने त्याचे म्हणणे खोडून काढले नाही. "तू दुबळा नाहीस," असे तो म्हणाला नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच त्याने सांगितले. पुढाऱ्याच्या आत्मविश्वासाचा पाया इथे आहे. 'मी कोण?' या प्रश्नाला देवाने 'तुझ्याबरोबर कोण?' हे उत्तर दिले.

आता एक गोष्ट नीट पाहा. या वचनाने गिदोनाची भीती एका दिवसात गेली नाही. बआलाची वेदी मोडावयास तो गेला, पण घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या भीतीने रात्री गेला. लोकरीची खूण त्याने एकदा नव्हे, 2 वेळा मागितली. लढाईच्या आदल्या रात्रीही देवाने त्याला सांगितले, की भीती वाटत असेल तर पुरा या चाकराला बरोबर घेऊन छावणीकडे जा. आणि गिदोन त्याला घेऊनच गेला. आपल्याला वाटते, आधी धीर येईल आणि मग आपण काम हाती घेऊ. गिदोनाचे उलट झाले. तो भीत भीत आज्ञा पाळीत गेला आणि वाटेत त्याला धीर मिळत गेला.

पुढे 32,000 माणसे जमली. भित्र्यांनी परत जावे असे सांगताच 22,000 निघून गेली. उरलेल्या 10,000 मधून शेवटी 300 राहिली. आपल्या बळानेच आपण सुटलो अशी बढाई इस्राएलाने मारू नये, म्हणून देवाने हे केले. आज आपल्या लहान मंडळ्यांतून बाके रिकामी दिसू लागली, की पुढाऱ्यांचे मन खचते. पण ज्याचा भरवसा डोकी मोजण्यावर आहे, तो डोकी कमी होताच कोसळणार. गिदोनाने त्या 300 जणांच्या हातांत रणशिंगे, रिकामी मडकी आणि मशाली दिल्या आणि आपण करू तसेच करण्यास सांगितले. त्याने त्यांना पुढे ढकलले नाही. तो स्वतः पुढे चालला. ज्याच्या अंगी खरा विश्वास आहे, त्याच्याकडे पाहून इतरांनाही पाऊल उचलावेसे वाटते.

परंतु चरित्र इथे संपत नाही. विजयानंतर लोक त्याला राज्य देऊ लागले, तेव्हा परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील, असे सांगून त्याने ते नाकारले. मात्र लुटीतली सोन्याची कुंडले मागून घेतली. ते सोने 1,700 शेकेल भरले. त्याचे त्याने एफोद करून आपल्या गावी ठेवले आणि तेच त्याच्या घराण्याला पाश झाले. द्राक्षकुंडात भिणारा गिदोन देवाला विचारल्यावाचून पाऊल टाकीत नव्हता; या वेळी त्याने देवाला विचारल्याचा उल्लेख शास्त्रात नाही. अपयशापेक्षा यशानंतर पुढाऱ्याने अधिक सावध राहावे, ते यासाठी.

इथे आम्हांला आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी पाळक परगावी गेले होते, म्हणून एका तरुणाला उपासना चालविण्यास सांगितले. त्याचे सारे शिक्षण कानडीत झालेले. वाचताना तो अडखळला, गीताचा क्रमांक चुकला, प्रार्थनेत कानडी शब्द आले. उपासना संपल्यावर दारातच आम्ही वडीलधारी मंडळी हसून म्हणालो, "अरे, आधी मराठी तर शीक!" आम्ही ते सहज बोललो, पण तो तरुण पुन्हा कधी व्यासपीठावर उभा राहिला नाही. नवे पुढारी तयार होत नाहीत म्हणून आज आम्हीच तक्रार करतो, तेव्हा ते हसणे आम्हांला आठवते. देवाने ज्याला वीर म्हणून हाक मारली असेल, त्याला आम्ही परत द्राक्षकुंडात धाडले.

बर्णबाने असे केले नाही. बोधपुत्र हे त्याचे नाव त्याला शोभत होते. यरुशलेमेत शौलाला सर्व शिष्य भीत होते, तेव्हा बर्णबानेच त्याला प्रेषितांकडे नेले. मार्क अर्ध्या वाटेवरून परतला, तेव्हा पौल त्याला पुन्हा न्यावयास तयार नव्हता. बर्णबाने त्याला बरोबर घेतले. पुढे त्याच पौलाने तीमथ्याला लिहिले, की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे.

आपल्या महाराष्ट्रातच पाहा. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले होते. 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना त्यांनी केडगावी आणले. त्यांना नुसता आसरा दिला नाही, तर काम शिकविले. रमाबाईंनी मराठीत भाषांतर केलेले पवित्र शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून छापले गेले. उपाशी आलेल्या मुलींवर रमाबाईंनी केवढा भरवसा टाकला!

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी वर्गातल्या सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाला एक वचन वाचावयास सांगा. तो चुकला तर चारचौघांत दुरुस्त करू नका. मागाहून जवळ बसवून समजवा. एखाद्या तरुणाला लहानसे काम द्या, त्याची तयारी शनिवारी त्याच्याबरोबर करा आणि रविवारी आपण बाजूला बसा. आणि ज्यांना या वर्षी बोलावणे आले आहे, त्यांनी भीती जाण्याची वाट पाहत बसू नये. पुराला बरोबर घेऊन निघावे.

आम्हीही त्या तरुणाच्या घरी जाणार आहोत. आधी क्षमा मागू आणि मग पुन्हा एकदा त्याला विचारू. प्रभु त्याला आणि आपणां सर्वांना धीर देवो. आमेन.