शेजाऱ्यांनी घडवलेले देह

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटलच्या पश्चिमेला, ऑलिंपिक द्वीपकल्प आहे. एका बाजूला पॅसिफिक महासागर, मधोमध हिमनद्या अंगावर वागवणारा २,४३२ मीटर उंचीचा माउंट ऑलिंपस, आणि दोहोंच्या मध्ये होह नदीचं खोरं. तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. होहचा शरदापासून वसंतापर्यंत रेंगाळतो आणि फांद्याफांद्यांवर शेवाळाचे जाड थर चढवतो. लोक तिथे जातात ते एल्क हरणं आणि गगनाला भिडलेली झाडं पाहायला. त्या जंगलाचं मर्म मात्र मला त्याच्या लहान जिवांतच दिसतं. त्यांतल्या एकेकाचा देह पाहावा, तर त्यात शेजाऱ्याची नोंद सापडते.

न्यूटचंच घ्या. सॅलॅमँडरच्या कुळातला, जेमतेम वीतभर लांबीचा, खरखरीत तपकिरी पाठीचा हा उभयचर ओल्या पाचोळ्यातून अगदी सावकाश चालतो. डिवचलं तरी पळत नाही. डोकं आणि शेपटी वर उचलून पाठीत उलटा वाकतो आणि गळ्यापोटाचा भडक नारिंगी रंग दाखवतो. जपानी फुगू माशात असतं तेच टेट्रोडोटॉक्सिन हे विष त्याच्या कातडीत असतं. १९७९ मध्ये ओरेगनमधल्या २९ वर्षांच्या एका तरुणाने न्यूट गिळला आणि तो दगावला.

एवढ्याशा जिवाला एवढं जहर कशासाठी? त्याच्या वाटेला जाणाऱ्या बहुतेक प्राण्यांना याच्या अंशानेही लोळवता आलं असतं. एडमंड ब्रॉडी या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात या प्रश्नाचा माग धरला आणि उत्तर मिळालं गार्टर सापात. हा साप न्यूट खातो आणि पचवतो. टेट्रोडोटॉक्सिन मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा बुजवतं. या सापात त्या वाटांची घडणच अशी बदलली आहे की विष तिथे धड चिकटत नाही. साप निर्ढावत गेले तसे अधिक विषारी न्यूट तगत गेले, आणि त्या विषाने पुन्हा अधिक निर्ढावलेले साप निवडले. सापालाही हे फुकट पडलेलं नाही: ज्याची सहनशक्ती जास्त, तो सरपटायला मंद असतो. व्हँकुव्हर बेटावर काही ठिकाणी न्यूटमध्ये विष जवळपास नसतंच, आणि तिथल्या सापांतही ही ताकद नसते. न्यूटच्या कातडीचा अर्थ सापावाचून लागत नाही.

उडत्या खारीचं नातं याहून सौम्य. ती रात्री जमिनीवर उतरते आणि वासावरून माती उकरून ट्रफल खाते. ट्रफल ही जमिनीखाली फळणारी बुरशी. तिचे बीजाणू वाऱ्याला सापडत नाहीत, ते खारीच्या लेंड्यांतून रानभर पसरतात. ही बुरशी डग्लस फर आणि हेमलॉकच्या मुळांना पाणी आणि खनिजं पुरवते, झाड तिला साखर देतं. ज्या झाडावरून खार झेपावते, त्या झाडाच्या मुळाशी तिचंच काम चाललेलं असतं.

शेजार बिघडला की काय होतं, ते वरच्या कुरणांत दिसतं. ऑलिंपिक मार्मोट हा खारीच्याच कुळातला, जमिनीवर राहणारा प्राणी जगात फक्त याच डोंगरांत आहे. माणसांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथले लांडगे संपवले, मग पूर्वी इथे नसलेले, लांडग्यांचेच धाकटे भाऊबंद असलेले कायोटी आले आणि मार्मोटांचा फडशा पडू लागला. १९३८ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, पण नकाशावरच्या रेषेने तुटलेली साखळी जुळत नाही.

सगळ्यात अवघड संसार मार्बल्ड मरलेटचा. पाव किलोहूनही कमी वजनाचा हा समुद्रपक्षी लाटांखाली बुडी मारून मासे धरतो. हिवाळ्यात तो काळापांढरा असतो, विणीच्या दिवसांत मात्र तपकिरी ठिपक्यांचा होतो, कारण त्याला झाडावर बसायचं असतं. शास्त्राला त्याची ओळख अठराव्या शतकापासून होती, पण अमेरिकेत त्याचं झाडावरचं घरटं सापडलं १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिनच्या रानात, झाडांची निगा राखणाऱ्या एका कामगाराला. घरटं म्हणजे जमिनीपासून सुमारे ४५ मीटरवर, रुंद फांदीच्या शेवाळात नुसता खळगा. अंडं एकच. अशी रुंद, शेवाळलेली फांदी धरायला झाडाला शतकं लागतात, आणि तशी झाडं माणसाने बेसुमार तोडली. उरलेल्यांपर्यंत हा पक्षी समुद्रावरून कित्येक किलोमीटर उडत येतो, कधी ऐंशीपर्यंतही. पहाटेच्या अंधूक उजेडात चोचीत एक मासा घेऊन.

त्याच्या एकुलत्या अंड्याला धोका असतो तो डोमकावळ्याचा आणि स्टेलर्स जे या निळ्या पक्ष्याचा. हे दोघे सहलीच्या जागांभोवती जमतात, कारण तिथे माणसांचं खरकटं मिळतं. आणि जमले की आसपासची घरटीही धुंडाळतात. सिएटलची कितीतरी मराठी कुटुंबं सुट्टीत होहला जातात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: डबा खुशाल उघडा, पण पोळीचा तुकडा, चिवड्यातला दाणा, काहीही मागे सांडू देऊ नका, आणि तो निळा पक्षी कितीही जवळ आला तरी त्याला खायला घालू नका.